गॅबापेंटिनच्या तिन्ही गोळ्या रात्री एकदम घ्याव्यात का?

‘गॅबापेंटिनच्या दिवसभराच्या तिन्ही गोळ्या रात्री एकदम घेतल्या तरी गुण तेवढाच येतो’, असा संदेश पुण्यातल्या अनेक घरांत वर्षानुवर्षे फिरत आहे. गॅबापेंटिन हे फेफरे आणि मज्जातंतूंच्या वेदनांवरचे औषध आहे; त्याने दिवसा येणारी गुंगी नको असणाऱ्यांना हा संदेश पटणे स्वाभाविक आहे. मात्र साध्या (म्हणजे शरीरात हळूहळू सुटणाऱ्या प्रकारच्या नसलेल्या) गॅबापेंटिनच्या बाबतीत तो खरा नाही.

हे औषध आतड्यातील ज्या वाहकांमार्फत रक्तात जाते, त्यांची क्षमता मर्यादित असते. त्यामुळे दिवसाचे ९०० मिलिग्रॅम तीन वेळांत विभागून घेतल्यास सुमारे ६० टक्के औषध शोषले जाते, पण २४०० मिलिग्रॅमला हे प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांवर येते. म्हणजे एका वेळची मात्रा जितकी मोठी, तितका वाया जाणारा भाग अधिक. शिवाय रक्तातील औषध ५ ते ७ तासांत निम्मे होते, म्हणून फेफऱ्याच्या रुग्णाने दोन मात्रांमध्ये १२ तासांहून अधिक अंतर पडू देऊ नये. ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते.

डॉक्टरांनीच फक्त रात्रीची गोळी लिहिली असेल, तर गोष्ट वेगळी. खोक्यातील माहितीपत्रकात मात्रेचा भाग वाचावा, औषधविक्रेत्याला विचारावे आणि मूत्रपिंडाचा त्रास असल्यास क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) अहवाल डॉक्टरांना दाखवावा, कारण हे औषध मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते.