घरगुती क्रीम : पोतातील दोष

घरी केलेले चेहऱ्याचे क्रीम रवाळ होणे, फुटणे, पाणी सोडणे, कडक किंवा पातळ होणे हे त्याच्या पोतातील दोष होत. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचे घोटून एकजीव केलेले मिश्रण. एरवी न मिसळणारे हे दोन पदार्थ धरून ठेवायला तिसरा पदार्थ लागतो. जुन्या कोल्ड क्रीममध्ये मधमाशांचे मेण आणि टाकणखार (बोरॅक्स) मिळून हे काम करतात. आता इमल्सिफाइंग वॅक्स, म्हणजे तेल-पाणी धरणारे तयार मेण, वापरतात आणि नवशिक्यांसाठी तेच बरे. नुसते मधमाशांचे मेण पाणी धरत नाही. घरच्या क्रीमची निम्मी फसगत या गैरसमजातून होते.

सर्वांत जास्त तक्रार रवाळपणाची असते. तूप रवाळ झाले की सुगरणीचे कौतुक होते, बेळगावचा कुंदाही रवाळच आवडतो. तोच रवा क्रीममध्ये गालाला टोचतो. तूप आणि क्रीम, दोन्हींत कारण एकच. स्निग्ध पदार्थातले सगळे घटक एकाच तापमानाला गोठत नाहीत. मिश्रण सावकाश निवले की लवकर गोठणारे घटक आधी एकत्र येऊन दाणे धरतात. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या घाटपट्ट्यात कोकमाच्या बियांचे तेल, म्हणजे भिरंडेल, पायांच्या भेगांना लावतात. ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला वितळते, खोबरेल मात्र २४-२५ अंशांच्या आसपास. दोन्ही एकत्र वितळवून भांडे रात्रभर ओट्यावर ठेवले, तर सकाळी दाणे दिसण्याची शक्यता बरीच. बेळगावच्या थंडीत तर खोबरेल बाटलीतच गोठते. म्हणून उन्हाळ्यात जमलेले प्रमाण डिसेंबरात जसेच्या तसे चालत नाही.

दाणा कशाचा, हे चिमटीत धरून कळते. अंगठ्याच्या उबेने तो विरघळला तर स्निग्धाचा. चिकट, चिवट लागून चपटा झाला तर मेणाचा. मुळीच न बदलता खरखरत राहिला तर हळद, चंदन किंवा मुलतानी मातीची पूड नीट चाळलेली नाही. स्निग्धाच्या दाण्यावर उपाय सोपा आहे: क्रीम गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात पूर्ण वितळवायचे, मग ते भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवून घट्ट होईपर्यंत न थांबता घोटायचे. मेणाच्या गाठी बहुतेक वेळा गरम तेलात थंड गुलाबपाणी ओतल्याने होतात. पाणी लागताच मेण जागीच गोठते. तेल आणि पाणी दोन्ही सुमारे ७० अंशांवर आणून, पाणी बारीक धारेने सोडत घोटले की गाठी होत नाहीत.

फुटलेल्या क्रीमवर पाण्याचे थेंब तरंगतात किंवा कडेने तेल सुटते. धरून ठेवणारा पदार्थ कमी पडणे आणि घोटणे लवकर थांबवणे ही नेहमीची कारणे. मेण-टाकणखाराच्या क्रीममध्ये दोन कारणे जास्तीची: लिंबाचा रस आणि बोअरचे जड पाणी. या क्रीममध्ये तेल-पाणी धरणारा पदार्थ साबणासारखाच असतो. आम्लाने तो मोडतो, आणि जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, साका होतो, तसेच इथेही होते. म्हणून डिस्टिल्ड पाणी घ्यावे. लिंबू तर चेहऱ्याच्या क्रीममध्ये घालूच नये. रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. टाकणखाराचे क्रीम फुटलेल्या त्वचेवर किंवा लहान मुलांना लावू नये.

लावताना क्रीमच्या वळ्या सुटत असतील तर मेण किंवा पूड जास्त आहे. कडक क्रीम वितळवून थोडे तेल वाढवावे, पातळ असेल तर मेण. मिक्सरमधून काढलेले क्रीम फुलून येते, पण ती हवा असते. दोन दिवसांनी ते खाली बसते. हाताने किंवा रवीने घोटलेले इतके फुलत नाही.

शतधौत घृत हा या सगळ्याचा जुना, मेणाविना प्रकार. तांब्याच्या भांड्यात तूप पाण्याबरोबर घोटून पाणी ओतून टाकायचे, असे १०० वेळा. रवाळ, पिवळे तूप हळूहळू पांढरे आणि लोण्यापेक्षा मऊ होते. बोटांखाली रवा मोडत जातो तो शेवटी लागेनासाच होतो. पाणी बर्फासारखे गार असेल तर तूप आखडते आणि गाठी राहतात. शेवटचे पाणी पूर्ण निथळले नाही तर डबीत पाणी सुटते.

एक दोष मात्र दुरुस्त करू नये. पाणी किंवा ताजी कोरफड घातलेले क्रीम संरक्षक द्रव्याविना फ्रिजमध्येही आठवडाभरापेक्षा जास्त ठेवू नये. आधी नीट असलेले क्रीम अचानक पातळ झाले, आंबूस वास आला किंवा काळे-हिरवे ठिपके दिसले, तर ते गरम करून वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. टाकून द्यावे, आणि डबी उकळत्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी झाल्यावरच पुन्हा भरावी.