सुप्त विषाणूसाठा (एचआयव्ही)

एआरटीच्या (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या) गोळ्या नियमित चालू असतानाही शरीरातल्या विश्रांत पेशींमध्ये दडून राहणाऱ्या एचआयव्हीला ‘सुप्त विषाणूसाठा’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा रुग्ण रिपोर्ट हातात पडला की विचारतो, ‘लोड निल आलाय, गोळी बंद केली तर चालतंय काय?’ या प्रश्नाचं उत्तर या साठ्यात आहे. व्हायरल लोडची (रक्तातल्या विषाणूंच्या प्रमाणाची) चाचणी फक्त रक्तद्रवात तरंगणारे विषाणू मोजते. पेशीच्या आत काय आहे, ते तिला दिसत नाही.

एचआयव्ही सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशीत शिरतो, आपल्या आरएनएची डीएनए प्रत करतो आणि ती पेशीच्या गुणसूत्रात बसवतो. अशा बहुतेक पेशी एक-दोन दिवसांत मरतात. काही मात्र मरण्याआधीच स्मृतिपेशी (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या पेशी) होऊन विश्रांत अवस्थेत जातात. मग ती प्रत मुकी राहते, विषाणूचं एकही प्रथिन तयार होत नाही आणि मारक सीडी-८ पेशींना ओळखायला खूण उरत नाही. औषधांनाही तिथे काम नाही. टीएलडी गोळीतले टेनोफोविर व लॅमिव्युडिन नवी प्रत बनू देत नाहीत, डोल्युटेग्राविर ती गुणसूत्रात बसू देत नाही. आधीच बसलेल्या प्रतीला तिन्ही औषधं हात लावत नाहीत.

साठा तसा लहान असतो. सुमारे दहा लाख विश्रांत सीडी-४ पेशींमागे एकीत पुन्हा वाढू शकणारा विषाणू सापडतो. पण तो निम्मा व्हायला सुमारे 44 महिने लागतात, म्हणजे संपायला सत्तर वर्षं. शिवाय स्मृतिपेशी विभागली की आतली प्रतही दुप्पट होते. ही वाढ पेशीची स्वतःची असल्याने गोळी ती रोखू शकत नाही. गुणसूत्रांत सापडणाऱ्या प्रतींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मोडक्या असतात, त्यामुळे नुसता डीएनए मोजला तर साठा आहे त्याहून फार मोठा भासतो. (आयसीटीसीतली, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रातली, तपासणी प्रतिपिंडांची असते. लोड निल आल्यावर ती खासगी लॅबमध्ये पुन्हा करून घेण्यात पैसे जातात, निकाल पॉझिटिव्हच येतो.)

जागी झालेली पेशीही सहजी सापडत नाही. विषाणूचं नेफ प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरचे, आतल्या विषाणूची खूण बाहेर दाखवणारे एचएलए रेणू आत ओढतं आणि सीडी-८ची नजर चुकवतं. बाहेरच्या प्रथिनावर साखरेच्या साखळ्यांचं दाट आवरण असतं, त्यामुळे प्रतिपिंडं आत पोहोचत नाहीत. लसिका ग्रंथींतल्या ज्या कप्प्यांत मारक पेशी फारशा शिरत नाहीत, तिथेही विषाणू तग धरतो.

गोळी थांबली की साधारण दोन-तीन आठवड्यांत लोड पुन्हा वर येतो. अमेरिकेतल्या मिसिसिपीत जन्मलेल्या एका बाळात औषधं थांबल्यावर 27 महिने विषाणू दिसला नव्हता, आणि 2014 मध्ये तो परतला.

पूर्ण बंद करण्याइतकंच अधूनमधून चुकवणंही धोक्याचं. ऊसतोडीला टोळीबरोबर गेलेल्याच्या गोळ्या संपतात, ओळखीचं कोणी दिसेल म्हणून दूरच्या केंद्रावर नाव घातलेल्याची खेप चुकते. रक्तातलं औषध उतरत असताना विषाणू वाढला, तर लॅमिव्युडिनला न जुमानणारा बदल (एम184व्ही) निवडला जातो. तो साठ्यात जमा होतो आणि पुढे कित्येक वर्षांनीही उगवू शकतो. म्हणून हंगामाला जाण्याआधी केंद्रावर सांगून जास्त महिन्यांच्या गोळ्या मागाव्यात. नॅकोचा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा) कार्यक्रम महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच आहे, गोळीही तीच.

लोड एखाद्या वेळी 50 ते 200 (दर मिलिलिटर रक्तद्रवातल्या विषाणू-प्रती) दरम्यान जाऊन पुन्हा खाली आला, तर ते सहसा औषध निकामी झाल्याचं लक्षण नसतं. 1000च्या वर गेला तर आधी गोळ्या कशा घेतल्या ते तपासून समुपदेशन होतं आणि तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा केली जाते. अशा वेळी इतर औषधांचीही चौकशी करावी. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेलं ॲसिडिटीचं औषध (अँटासिड) टीएलडीबरोबर घेतलं की डोल्युटेग्राविर नीट शोषलं जात नाही; त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर टीएलडी घ्यावी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या जेवणासोबत असतील तर बरोबर चालतात, उपाशीपोटी नाही. क्षयासाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर 50 मिग्रॅ दिवसातून दोनदा लागतं. चुकलेली गोळी आठवताच घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत.