ॲपलची ‘ग्रोथ’: शब्दामागचा हिशेब

नागपुरात आयटी पार्कच्या चहाटपऱ्यांवर अमेरिकी शेअरच्या गप्पा ॲपलपर्यंत आल्या की ‘ग्रोथ’ या एका शब्दावर अडतात. एक जण म्हणतो, शेअरमागची कमाई (नफा भागिले शेअरची संख्या) वाढतेय. दुसरा म्हणतो, २०२२ ते २०२४ विक्री तर जवळपास जागच्या जागीच होती. दोघंही खरं बोलतात.

जुना इतिहास सगळ्यांना पाठ आहे. २००७ मध्ये कंपनीच्या नावातून ‘कॉम्प्युटर’ गळलं. आज विक्रीत मॅक संगणकांचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास. गुंता सुरू झाला २०१२ मध्ये. १९९५ पासून बंद असलेला लाभांश तेव्हा पुन्हा जाहीर झाला, सोबत बायबॅकही, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर विकत घेऊन रद्द करणं. नवं काही सुचत नाही म्हणून पैसे वाटताहेत, असा अर्थ अनेकांनी काढला.

पुढच्याच वर्षी तिजोरीत सुमारे १४५ अब्ज डॉलर असताना कंपनीने याच वाटपासाठी १७ अब्जांचे कर्जरोखे काढले. यावर बरीच टीका झाली. पण पैसा बहुतांश परदेशात होता, मायदेशी आणला तर ३५ टक्क्यांपर्यंत कर, आणि व्याज त्यामानाने किरकोळ. एफडी न मोडता तिच्यावर कर्ज काढणाऱ्याला हे लगेच कळेल. २०१७ च्या अखेरीस कर-कायदा बदलला, परदेशातला पैसा आणणं स्वस्त झालं आणि बायबॅकला धरबंद राहिला नाही: २०१८ मध्ये १०० अब्ज जाहीर, २०२४ मध्ये ११० अब्ज. (आपल्या आयटी कंपन्यांसारखा टेंडरचा अर्ज इथे भरायचा नसतो, कंपनी थेट बाजारातून शेअर उचलते.) स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणं) हिशेबात धरून २०१२ चे सुमारे २६ अब्ज शेअर आता १५ अब्जांच्या घरात आलेत.

आता आर्थिक वर्ष २०२३ पाहा. विक्री ३९४ अब्जांवरून ३८३ वर आली, नफा ९९.८ वरून ९७ वर. शेअरमागची कमाई मात्र ६.११ डॉलरवरून ६.१३! भाकर लहान झाली, पण खाणारी तोंडं त्याहून घटली. मला तरी याला वाढ म्हणवत नाही.

ॲप स्टोअर, आयक्लाऊड अशा सेवांची विक्री खरोखर वाढली. २०२४ मध्ये ती ९६ अब्जांवर गेली. तोवर बाकी भिस्त बायबॅकवर होती, आणि तिथेच पेच आहे. २०१३ मध्ये हा शेअर शेअरमागच्या कमाईच्या दहापटीच्या आसपास मिळत होता, २०२४ च्या अखेरीस तीसपटीच्याही वर. म्हणजे वर्षाचा सगळा नफा बायबॅकला लावला तर २०१३ च्या भावात कंपनीचे साधारण दहावा हिस्सा शेअर रद्द झाले असते, २०२४ अखेरच्या भावात तिसावा हिस्साही नाही.