गुप्त शाळा (अफगाणिस्तान)

मुलींच्या शिक्षणावर बंदी असताना अफगाणिस्तानात घराघरांतून लपूनछपून चाललेले, आणि आजही चालू असलेले वर्ग. वर्ग भरतो तो राहत्या घरात. शिकवते घरातलीच एखादी शिकलेली बाई, आणि शेजारपाजारच्या मुली गाजावाजा न करता एकेकट्या येतात.

काबूलमध्ये मुलींची शाळा राजा अमानुल्ला खान आणि राणी सुरैया यांच्या काळात, १९२१ मध्येच सुरू झाली होती. त्यामुळे मुलींचे शिक्षण अफगाण संस्कृतीला परके आहे, हा दावा इतिहासात टिकत नाही. १९७९ पासूनचे सोव्हिएत युद्ध आणि त्यामागोमाग आलेली यादवी यांत शाळा मोडल्या, रस्ते असुरक्षित झाले, आणि घरच्यांनी भीतीपोटी मुलींना घरात ठेवले. तालिबानने १९९५ मध्ये पश्चिमेकडचे हेरात शहर आणि १९९६ मध्ये काबूल घेतल्यावर या भीतीच्या जोडीला हुकूम आला.

पर्शियन काव्याची थोर परंपरा असलेल्या हेरातमध्ये बायकांनी ‘सोनेरी सुई’ नावाचा शिवणवर्ग काढला. शिवणकामाला परवानगी होती. पिशवीत वर कापड आणि कात्री, खाली वह्या. आत हेरात विद्यापीठाचे प्राध्यापक मुहम्मद अली रहयाब साहित्य शिकवत. बाहेर खेळणारी मुले पाळतीवर असत. कोणी येताना दिसले की आत वर्दी जाई आणि वह्यांच्या जागी शिवण येई. कवयित्री नादिया अंजुमन याच वर्गात घडल्या. पतीच्या मारहाणीनंतर २००५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा तालिबानची सत्ता जाऊन चार वर्षे झाली होती. मुलींवरचा धाक केवळ सरकारी नव्हता, हे विसरता येत नाही. तालिबानच्या याच पहिल्या राजवटीत अफगाण शिक्षणकार्यकर्त्या सकीना याकूबी यांच्या संस्थेने सुमारे ८० गुप्त शाळांना आधार दिला. त्यांत ३,००० मुली शिकत होत्या.

२००१ नंतर लाखो मुली उघडपणे शाळेत जाऊ लागल्या, तरी वाट निर्धोक नव्हती. पश्चिम काबूलमधल्या हजारा या बहुतांशी शिया अल्पसंख्य समाजाच्या वस्तीत ८ मे २०२१ रोजी सय्यद उल-शुहदा शाळेबाहेर स्फोट झाले. किमान ८५ जण मेले, बहुतेक शाळकरी मुली.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतले आणि सहावीनंतरचे वर्ग मुलींना बंद झाले. २३ मार्च २०२२ रोजी शाळा उघडल्या आणि काही तासांतच पुन्हा बंद केल्या. गणवेश घालून आलेल्या मुली रडत घरी गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठेही बंद झाली. युनेस्कोच्या २०२४ च्या अंदाजानुसार किमान १४ लाख मुली माध्यमिक शिक्षणापासून वंचित आहेत. काही मुली तर शाळा सुटू नये म्हणून पुन्हा सहावीतच बसतात. बाराव्या-तेराव्या वर्षी, जेव्हा जग मोठे व्हायचे, तेव्हाच ते घराएवढे होते, आणि लग्नाची बोलणी सुरू होतात.

आजच्या गुप्त वर्गांना मोबाइलची आणि ऑनलाइन तासांची जोड आहे. मात्र वीज आणि इंटरनेट सर्वांना मिळत नाही, आणि या शिक्षणाला प्रमाणपत्र नाही. परदेशी जाण्याचा मार्गही अरुंद आहे. पुण्यात अफगाण विद्यार्थी अनेक वर्षे शिकत आले. पण ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले आणि मायदेशी गेलेले अनेकजण तिकडेच अडकले. डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका आणि सुईणींचे प्रशिक्षणही थांबवले गेले. हे शिक्षण घरच्या खोलीत पुरे होण्यासारखे नाही, आणि त्याची झळ बाळंतिणींना बसणार आहे.