ॲलन पेज: वायकिंग्सचा डिफेन्सवाला ते मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टाचा जज

ॲलन पेजचा जन्म १९४५चा, ओहायोतल्या कॅन्टनचा. प्रो फुटबॉलचं (सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉल) हॉल ऑफ फेम, म्हणजे दिग्गज खेळाडूंचं सन्मान-दालन आहे ना, तेच गाव, आणि गंमत बघा, त्याचं बांधकाम चालू होतं तेव्हा हा पठ्ठ्या तिथे मजुरीला होता! पुढे नोत्र दाम कॉलेज, मग १९६७ला मिनेसोटा वायकिंग्स टीमने ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, पहिल्याच राउंडमध्ये उचलला. डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे समोरची फळी फोडून क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकून त्यांचा हल्ला चालवणाऱ्याला, आडवा करायचा. १९७१ला एमव्हीपी, म्हणजे एनएफएल या लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू झाला, डिफेन्सवाल्याला हा मान तोवर कधीच मिळाला नव्हता. वायकिंग्स त्याच्या काळात चार सुपर बोल, म्हणजे सीझनच्या फायनल, खेळले आणि चारही हरले, त्यावर काय बोलणार.

लोक म्हणतात फुटबॉल संपल्यावर वकिलीकडे वळला, पण तसं नाहीये, खेळत असतानाच तो मिनेसोटा युनिव्हर्सिटीत लॉ शिकत होता आणि १९७८ला डिग्री घेतली. त्यात पळण्याचं वेड लागलं, वजन उतरलं, आणि टॅकलने बारीक होणं कोणत्या कोचला चालेल? वायकिंग्सचा कोच बड ग्रँट, त्याला नाहीच चाललं, त्याच वर्षी सीझन चालू असताना टीमने त्याला सोडून दिलं. शिकागो बेअर्सने घेतला, तिथे १९८१पर्यंत खेळला. १९७९ला मॅरेथॉनही पूर्ण केली, लीगमध्ये खेळत असताना असं करणारा पहिलाच.

मला मात्र १९९२चा किस्सा जास्त भारी वाटतो. मिनेसोटात राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे जज निवडणुकीने येतात, पेजला उभं राहायचं होतं, तर गव्हर्नरने त्या जागेवरच्या जजची मुदतच वाढवून टाकली, म्हणजे निवडणूकच गायब. पेज कोर्टात गेला, केस जिंकला, मग निवडणूकही जिंकला, आणि १९९३ला त्या कोर्टावरचा पहिला कृष्णवर्णीय जज झाला. गळ्यात बो टाय, आणि हाताची करंगळी जवळपास काटकोनात बाहेर वळलेली, ती फुटबॉलचीच देणगी. राज्याच्या नियमाप्रमाणे सत्तरीला, २०१५मध्ये, रिटायर झाला. २०१८ला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान, मिळाला.

हॉल ऑफ फेममध्ये तो गेला १९८८ला, त्याच वर्षी पेज एज्युकेशन फाउंडेशन काढलं. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक समाजातल्या मुलांना कॉलेजसाठी स्कॉलरशिप मिळते, पण फुकट नाही, त्यांनी शाळेतल्या लहान पोरांना शिकवायला जायचं ही अट!