चेंबरमधलं बिनकामाचं तोंड

गिरगाव, लालबाग, दादरकडच्या जुन्या इमारतींत चेंबरचं, म्हणजे घराघरांतलं सांडपाणी जिथे एकत्र येतं त्या हौदाचं, झाकण उचललं, की आत पाइपांची बरीच तोंडं दिसतात. त्यांतल्या एखाद-दोन तोंडांतून कित्येक वर्षांत थेंबही आलेला नसतो. खोलीतली मोरी काढून तिथे कपाट बसवलं, संडास आत घेतला, बेसिन हलवलं. फरशी नवी झाली, खालचा पाइप तसाच राहिला. चेंबरपर्यंतचं काम प्लंबरला कुणी सांगितलेलं नसतं, आणि त्याचे पैसे द्यायला तर मुळीच कुणी तयार नसतं.

वापरातल्या पाइपात घर आणि गटार यांच्यामध्ये फक्त पाणी उभं असतं. नाहणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या भांड्यात, किंवा कमोडच्या वळणात साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम राहतं आणि गटारातली हवा अडवतं. संडासाच्या नळीला असं वळण देण्याचं पेटंट अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली घेतलं. पण बंद मोरीच्या ट्रॅपमध्ये नवं पाणी पडत नाही, होतं ते उडून जातं. मग चेंबरपासून फरशीखालपर्यंत वाट मोकळी होते.

त्या वाटेने आधी येतो तो वास. साचलेल्या मैल्यात ऑक्सिजन संपला, की काही जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. त्याची सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी नाकाला अत्यल्प प्रमाणातही कळते. मात्र हवेच्या दहा लाख भागांत हा वायू 100 भागांच्या आसपास पोचला, की नाकच बधिर होतं. घरात तो सहसा इतका साचत नाही, पण चेंबर खोल असेल तर वास येत नाही म्हणून कुणी आत उतरू नये, कुणाला उतरवू तर मुळीच नये. वासामागोमाग मोठी तांबूस झुरळं आणि उंदीर. पाइप मातीत कुठे फुटलेला असला तर घुशी तिथून बीळ काढतात, सुटलेली माती पाण्याबरोबर चेंबरमध्ये वाहून जाते आणि वरची फरशी बसते.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला, की पावसाळी नाल्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही. ते रस्त्यावर तुंबतं आणि झाकणांच्या फटींतून मलवाहिन्यांतही शिरतं. चेंबर भरलं, की तळमजल्याकडे जाणारा प्रत्येक पाइप भरतो, बिनकामाचासुद्धा.

म्हणून असं बिनकामाचं तोंड चेंबरमध्येच बुजवावं. पण बुजवण्याआधी तो पाइप खरोखर वापरात नाही ना, हे पाहायला हवं. एकेका मजल्यावरून रंगीत पाणी सोडून खाली बघायचं. कोरडा पाइप म्हणजे मेलेला पाइप, असं मात्र नाही. गच्चीपर्यंत गेलेला, डोक्यावर जाळी असलेला व्हेंट पाइप कोरडाच असतो, कारण त्याचं काम लाइनला हवा देणं. तो बुजवला, तर वरून फ्लशचा लोट उतरताना चालू ट्रॅपमधलंही पाणी ओढलं जाऊ शकतं आणि अख्ख्या इमारतीत वास सुटतो.

पीव्हीसीचा पाइप भिंतीबाहेर आलेला असेल, तर सॉल्व्हेंट सिमेंट, म्हणजे पीव्हीसी चिकटवायचा गोंद, लावून एंड कॅप, म्हणजे टोकाचं टोपण, बसवणं सोपं. तो भिंतीशी सपाट असेल, तर नट आवळल्यावर फुगणारा रबरी प्लग आत घालतात. जुन्या स्टोनवेअरच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या, पाइपात विटेचे तुकडे ठासून वर सिमेंटचा मसाला भरतात. गुळगुळीत पीव्हीसीला तो मसाला नीट धरत नाही. स्प्रेचा फोम मारणारे बरेच भेटतात, पण उंदीर तो कुरतडून पार होतो. बुजवलेलं तोंड भिंतीशी सपाट हवं. खोबण राहिली, की तिथे मैला अडकतो. फरशीखालचं टोक सापडलं, तर तेही बंद करावं.

सिमेंटचा मसालाही कायमचा नाही. ओल्या भिंतीवरचे दुसरे जिवाणू त्याच हायड्रोजन सल्फाइडपासून सल्फ्युरिक आम्ल बनवतात आणि ते सिमेंट खातं. म्हणून पावसाळ्याआधी चेंबर साफ होतं तेव्हा वरूनच बॅटरी मारून बुजवलेली तोंडं पाहावीत, आणि कुठलं तोंड कुठल्या खोलीचं होतं हे सोसायटीच्या नकाशावर लिहून ठेवावं.