शिंपला विरघळतो की बांधलाच जात नाही?

व्हिनेगरच्या पेल्यात एखादा शिंपला टाकला की क्षणात त्याच्या पाठीवर बुडबुडे धरतात. दोन दिवसांनी बोटात घेतला तर कड कागदासारखी लागते, आणखी काही दिवसांनी ती नखाने तुटते. समुद्राचं आम्लीकरण समजावून सांगायचं म्हटलं की हा प्रयोग हटकून केला जातो. प्रयोगात खोट काही नाही, पण तो पाहून मनात बसणारं चित्र पुढे बराच घोळ घालतं: पाणी आंबट होत चाललंय आणि किनाऱ्यावरचे शिंपले, कालवं, गोगलगाई त्यात हळूहळू विरघळताहेत.

व्हिनेगरचा सामू, म्हणजे पीएच, अडीचच्या आसपास असतो. समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू आज ८.१ च्या जवळपास आहे. कोळसा आणि कारखान्यांचं युग सुरू होण्याआधी तो ८.२ च्या जवळपास होता. सातच्या वरचं सगळं अल्कधर्मी, तेव्हा समुद्र आम्ल झालेला नाही. ‘आम्लीकरण’ हा शब्द फक्त दिशा सांगतो, मुक्काम नव्हे. ०.१ चा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण सामूची मोजपट्टी दहाच्या पटीतली असते. त्यामुळे एवढ्याशा घटीत हायड्रोजन आयन पाव हिश्श्याहून जास्त वाढलेले असतात.

मग अल्कधर्मी पाण्यात शिंपल्यांचं बिघडतं काय? इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांमध्ये त्या बहुतेक वेळा एकाच वाक्यात कोंबलेल्या असतात. एक म्हणजे तयार कवच विरघळणं. दुसरी म्हणजे नवं कवच बांधणं महाग होणं. दोन्हींचं मूळ एकच असल्यामुळे गल्लत होते.

ते मूळ असं. माणूस हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात आणि ते पाण्यातल्या कार्बोनेटला चिकटून त्याचं बायकार्बोनेट करून टाकतात. कवच म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, सोयीसाठी इथे त्याला चुना म्हणू. कॅल्शियम समुद्रात मुबलक आहे, टंचाई होते ती कार्बोनेटची. पाण्यात हे दोन्ही किती आहेत यावरून शास्त्रज्ञ एक आकडा काढतात, त्याला संपृक्तता म्हणतात. आकडा १ च्या वर असेल तर उघडा चुना पाण्यात टिकतो. १ च्या खाली उतरला की विरघळायला लागतो. चुन्याचेही प्रकार आहेत. कॅल्साइट जरा चिवट, तर अ‍ॅरागोनाइट लवकर विरघळणारा.

आता विरघळणं घ्या. हे निव्वळ रसायन आहे, त्यासाठी प्राणी जिवंत असायचीही गरज नाही. किनाऱ्यावर पडलेल्या रिकाम्या शिंपल्याला तोच नियम लागू होतो. फटका कोणाला बसेल हे ठरतं कवच कशाचं आहे, किती पातळ आहे आणि किती उघडं आहे यावर. टेरोपॉड नावाच्या पोहणाऱ्या इवल्या गोगलगाई, ज्यांना समुद्री फुलपाखरं म्हणतात, या तिन्ही बाबतींत कमनशिबी: अ‍ॅरागोनाइटचं, पारदर्शक, वाऱ्यावर उडेल इतकं नाजूक कवच. २००८ मध्ये दक्षिण महासागरातून गोळा केलेल्या टेरोपॉडांची कवचं नीना बेदनार्शेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा पृष्ठभाग कुरतडल्यासारखा खडबडीत दिसला. २०१२ मध्ये हे काम छापून आलं आणि ‘शिंपले विरघळताहेत’ या वाक्याला छायाचित्राचा आधार मिळाला. आधार खराच होता, फक्त तो एका विशिष्ट प्राण्याचा आणि थंड पाण्याचा होता. थंड पाणी कार्बन डायऑक्साइड जास्त धरून ठेवतं, म्हणून तिथे संपृक्तता मुळातच कमी असते. उष्ण समुद्रांच्या पृष्ठभागावर अ‍ॅरागोनाइटचा आकडा आजही ३ च्या वर आहे.

किनाऱ्यावरच्या बहुतेक शिंपल्यांचा चुना उघडा नसतोच. एखादा काळा मसल शिंपला हातात घेऊन पाहा. बाहेरून दिसतो तो चुना नव्हे. ती एक पातळ, तपकिरी-काळी कातडी आहे, वार्निशसारखी बसलेली. बिजागरीजवळ, म्हणजे शिंपल्याच्या सर्वांत जुन्या टोकाला, ही कातडी बऱ्याचदा खरवडलेली असते आणि खालचा पांढरट चुना डोकावतो. विरघळायला सुरुवात होते ती अशा उघड्या जागी. (असा प्रत्येक पांढरा डाग आम्लीकरणाच्या नावावर लिहू नका. वाळू, लाटा आणि कवच पोखरणारे स्पंज हे धंदे फार आधीपासून करताहेत.)

ही कातडी किती कामाची आहे याचा एक टोकाचा दाखला पॅसिफिक महासागरात मारियाना बेटांच्या रांगेतल्या ‘एनडब्ल्यू आयफुकू’ या समुद्राखालच्या ज्वालामुखीवर मिळतो. तिथे द्रवरूप कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि आसपासच्या पाण्याचा सामू ५.३६ ते ७.२९ इतका खाली मोजला गेला आहे. पेल्यातला प्रयोग खरा मानला तर तिथे एकही शिंपला असता कामा नये. प्रत्यक्षात मसलची दाट वस्ती आहे! कातडी शाबूत आहे तोवर चुना टिकतो, जिथे ती फाटते तिथे खड्डा पडतो. पण त्या मसलचं कवच नेहमीच्या सामूच्या पाण्यातल्या भाऊबंदांच्या तुलनेत जाडीला निम्म्याच्या आसपास भरतं. कातडीने विरघळणं अडवलं, तरी कवच पातळच राहिलं, कारण जाड करायला लागणारा खर्च परवडला नाही. दोन्ही गोष्टी एकाच शिंपल्यात इतक्या स्वच्छ वेगळ्या दिसणं दुर्मीळ.

तर हा खर्च कशाचा?

शिंपला समुद्राच्या पाण्यातून थेट कवच ओतत नाही. त्याच्या मऊ अंगाभोवती प्रावार नावाचा पडदा असतो. प्रावार आणि कवच यांच्यामध्ये द्रवाचा एक पातळ थर असतो आणि बांधकाम तिथे चालतं. प्राणी आत कॅल्शियम आणतो, बायकार्बोनेट आणतो, त्यांचा चुना करतो आणि या व्यवहारात सुटलेले हायड्रोजन आयन बाहेर ढकलतो. बाहेर आधीच हायड्रोजन आयन वाढलेले असले की ढकलायला जोर जास्त लागतो. मोठा, धडधाकट शिंपला हा जोर लावतो. त्याची किंमत वाढीतून किंवा अंड्यांतून वळती होते. ‘घर पाहावं बांधून’ हे आपण माणसांबद्दल म्हणतो, पण इथेही ते चपखल बसतं.

खरी पंचाईत होते ती कालवाच्या अळीची. अंड्यातून निघून जेमतेम दोन दिवसांत ही अळी पहिलं कवच उभं करते. सूक्ष्मदर्शकाखाली ते इंग्रजी डी अक्षरासारखं दिसतं, एक बाजू सरळ बिजागरीची, दुसरी गोल. पॅसिफिक कालवाच्या बाबतीत या ४८ तासांत बसवलेला चुना अळीच्या शरीराच्या वजनाच्या सुमारे ९० टक्के भरतो. तोही अ‍ॅरागोनाइट, चिवट कॅल्साइट नंतर, मोठेपणी येतो. बाहेरच्या पाण्यापासून आडोसा मोठ्यांइतका नसतो. आणि या सगळ्याचा खर्च चालतो तो आईने अंड्यात ठेवलेल्या शिधोरीवर, कारण अन्न गोळा करायचे अवयव अजून तयार व्हायचे असतात. बांधकाम महागलं की शिधोरी लवकर संपते. अळी मरते ती उपासमारीने, तिचं कवच कुठे विरघळलेलं नसतं.

महत्त्वाचं म्हणजे यासाठी संपृक्तता १ च्या खाली जावी लागत नाही. विरघळण्याची रेघ १ वर आहे, पण कालवाच्या अळ्यांची ओढाताण दीड ते दोनच्या दरम्यानच सुरू झालेली असते. पाणी अजून ‘सुरक्षित’ दिसत असताना पिढी गळते. म्हणूनच मला ‘विरघळणारे शिंपले’ या मथळ्याची चीड येते. तो वाचून लोक झिजलेली कवचं शोधत बसतात, आणि नुकसान झालेलं असतं कवच दिसण्याच्याही आधी.

अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावर नेमकं हेच घडलं. नेटार्ट्स उपसागरातल्या व्हिस्की क्रीक या कालवांचं बीज तयार करणाऱ्या केंद्रात २००७ च्या सुमारास टाक्याच्या टाक्या अळ्या मरू लागल्या. संशय आधी व्हिब्रिओ जिवाणूवर गेला. जिवाणूंचा बंदोबस्त झाला तरी मरणं थांबेना. मग पाण्याच्या रसायनाकडे लक्ष गेलं. उन्हाळ्यात उत्तरेचा वारा वाहू लागला की त्या किनाऱ्यावर खोल समुद्रातलं थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी वर येतं, आणि केंद्र तेच पाणी ओढत होतं. हे पाणी काही दशकांपूर्वी पृष्ठभागावरून खाली गेलेलं असतं, म्हणजे आज वर येतो तो जुना हिशेब. केंद्राने काय केलं? पाण्यावर सतत नजर ठेवणारी यंत्रणा बसवली आणि टाक्यांत येणाऱ्या पाण्यात सोडा अ‍ॅश, म्हणजे सोडियम कार्बोनेट, मिसळायला सुरुवात केली. कार्बोनेट वाढलं, उत्पादन सावरलं.

दोन गोष्टी कागदावर अशा वेगळ्या करता येतात, प्रयोगशाळेत मात्र त्या पुन्हा गुंततात. कवचाचं वजन केलं तर हाती येते ती फक्त शिल्लक. नवं बांधकाम घटलं की विरघळणं वाढलं, ते तराजू सांगत नाही. २००९ मध्ये जस्टिन रीस आणि सहकाऱ्यांनी १८ जातींना साठ दिवस वेगवेगळ्या प्रमाणात कार्बन डायऑक्साइड असलेल्या पाण्यात ठेवलं. दहा जातींची शिल्लक घटली, काहींची तर उणेत गेली. सात जातींमध्ये ती मधल्या किंवा सर्वांत वरच्या पातळीला उलट वाढली; त्यांत निळा खेकडा, लॉबस्टर आणि कोळंबी होती. एका मसलवर काहीच परिणाम दिसला नाही. खेकड्याचा चुना बाहेरच्या सेंद्रिय आवरणाखाली झाकलेला असतो, त्यामुळे प्रौढ खेकडा निभावून नेतो. त्याच्या पिल्लांबद्दल तसं बिनधास्त म्हणता येत नाही: उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या डंजनेस खेकड्याच्या अळ्यांच्या कवचावर झीज दिसल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं.

याहून चमत्कारिक म्हणजे शिंपला कधीकधी स्वतःच स्वतःचं घर आतून विरघळवतो. ओहोटीत मसल झाकणं घट्ट मिटून बसतो, आत हवा खेळत नाही, शरीरातलं आम्ल साठतं आणि ते शमवायला कवचाच्या आतल्या थरातला थोडा चुना वापरला जातो. भरती आली की ती उचल फेडायची. जर्मनीतल्या कील इथे बाल्टिक समुद्राच्या मसलवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की कार्बन डायऑक्साइड जास्त आणि खाणं कमी अशी जोडी जुळली की आतला हा थर झिजू लागतो. पोटभर खाणं मिळालं तर त्याच पाण्यात मसल बऱ्यापैकी तग धरतात. इथे विरघळणं हे रसायनाइतकंच भुकेचंही लक्षण आहे.

कवच हातात असेल तर थोडाफार अंदाज बांधता येतो. जुन्या टोकाकडे खड्डे, खडबडीत पृष्ठभाग, नक्षी पुसलेली असेल तर विरघळण्याकडे बोट दाखवावं. वाढती कड पातळ, एकूण आकार वयाच्या मानाने लहान, किंवा अळीची बिजागरी सरळ असण्याऐवजी वाकडी असेल तर गोम बांधकामात आहे.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर उपाय पाहा. सोडा अ‍ॅश टाकीत चालते, खुल्या किनाऱ्यावर नाही. आणि टाकीतही तिचा खरा उपयोग पहिल्या एकदोन दिवसांच्या बांधकामाला. चिखलात राहणाऱ्या शिंपल्यांचं दुखणं निराळं. त्यांची अळी पाण्यात तरंगत कवच बांधून झालेली असते. मग ती भरतीच्या पट्ट्यातल्या चिखलात उतरते. तिथे कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यामुळे चिखलातलं पाणी आधीच १ च्या खाली गेलेलं असू शकतं आणि वाळूच्या कणाएवढं कवच अक्षरशः विरघळतं. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या चिखलपट्ट्यांवर मार्क ग्रीन यांच्या गटाने त्यावर साधा तोडगा करून पाहिला: मेलेल्या शिंपल्यांचा भुगा करून चिखलात पसरला. तो भुगा आधी विरघळला, चिखलातलं कार्बोनेट वाढलं, आणि भुगा न टाकलेल्या पट्ट्यांपेक्षा तिथे जास्त पिल्लं रुजलेली सापडली.